घरगुती लिनक्स सर्व्हरवरील सुरक्षित फाइल-हस्तांतरण : कूटलेखन, ओळख आणि वावराची मर्यादा

प्रस्तावना

क्षेत्रीय अभ्यासातून जमा होणारी सामग्री सांप्रत बहुतांशी अंकीय स्वरूपात असते. बोलींचा, लोकगीतांचा किंवा ग्रामीण अर्थव्यवहाराचा एकत्रित अभ्यास करणारे दोन-तीन प्राध्यापक निरनिराळ्या गावी राहत असतील, तर मुलाखतींची ध्वनिमुद्रणे एकमेकांपर्यंत पोहोचविणे हा त्यांच्या कामाचा नित्याचा भाग होऊन बसतो. सीडीच्या दर्जाच्या, न आवळलेल्या एका तासाच्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणाचा आकार सुमारे ६३५ मेगाबाइट भरतो. जीमेलवरून पाठवावयाच्या जोडपत्राची मर्यादा मात्र २५ मेगाबाइट आहे. मग पेनड्राइव्ह कुरिअरने धाडला जातो, किंवा एखाद्या मोफत संकेतस्थळावर फाइल चढवून तिचा दुवा व्हॉट्सॲपवर टाकला जातो. मुलाखत देणाऱ्याने आपले कर्ज, आजारपण, भाऊबंदकी हे सारे अभ्यासकावर विश्वास टाकून सांगितलेले असते. तो दुवा पुढे कोणाकोणाच्या हाती गेला याचा हिशेब राहत नाही, आणि एकदा बाहेर गेलेले ध्वनिमुद्रण परत घेता येत नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाविषयीच्या २०२३ च्या अधिनियमात संशोधनासाठी सवलत आहे. परंतु तीही विहित मानके पाळण्याच्या अटीवरच आहे.

घरात पडून असलेल्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवून त्याचा सर्व्हर करणे हा यावरील एक स्वस्त आणि शक्य कोटीतील उपाय होय. त्यासाठीची आज्ञावली मोफत मिळते आणि प्राथमिक मांडणी अर्ध्या तासात होते. अडचण त्यापुढे आहे. बहुतेक मार्गदर्शिका मार्गातील माहितीचे कूटलेखन कसे करावे एवढेच शिकवितात. वास्तविक ते काम आज्ञावली आपण होऊनच करते. माणसाने ठरवावयाच्या गोष्टी दोन आहेत : पलीकडे नेमके कोण आहे, आणि आत आलेल्यास किती वावर द्यावयाचा. प्रस्तुत लेखात याच दोन गोष्टींवर भर दिला आहे. डेबियन ही लिनक्सची वितरण-आवृत्ती गृहीत धरली असून आज्ञांची नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टंकन अर्थातच रोमन लिपीत करावयाचे आहे.

एफटीपीचा वारसा

फाइल-हस्तांतरणाचा पहिला संकेत, अर्थात एफटीपी, एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी आरएफसी ११४ या टिपणाद्वारे मांडला. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी असलेले भूषण त्या वेळी अमेरिकेत एमआयटी येथे होते. त्या काळचे जाळे मोजक्या विद्यापीठांचे आणि प्रयोगशाळांचे होते. परस्परांस ओळखणाऱ्यांच्या जगात पासवर्ड उघड्या अक्षरांत पाठविण्यात कोणास गैर वाटले नाही. १९८५ च्या आरएफसी ९५९ ने या संकेतास स्थिर रूप दिले, तरी पासवर्ड उघडाच राहिला. मार्गातील कोणत्याही यंत्रावर टेहळणी करणाऱ्यास तो जसाच्या तसा वाचता येतो. शिवाय एफटीपी आज्ञांसाठी एक आणि फाइलींसाठी दुसरी अशा दोन जोडण्या वापरते, त्यामुळे घरगुती राउटरमागे ती अडखळते. क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी २०२१ मध्ये एफटीपीचा आधार काढून टाकला. नव्याने मांडणी करणाऱ्याने एफटीपीचा विचार करण्याचे कारण उरलेले नाही.

एसएसएच आणि एसएफटीपी

फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरण्याचा प्रकार उघडकीस आल्यानंतर तेथील संशोधक ताटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच ही प्रणाली लिहिली. तिला २२ हा पोर्ट मिळाला, तोही मुद्दाम मागून घेतलेला : २१ हा एफटीपीचा आणि २३ हा टेलनेटचा, म्हणजे ज्या दोघांची जागा तिने घेतली त्यांच्या बरोबर मधला. आज जवळपास सर्वत्र वापरली जाणारी ओपनएसएसएच ही मुक्त आवृत्ती १९९९ मध्ये ओपनबीएसडी प्रकल्पातून पुढे आली.

एसएफटीपी या नावाने पुष्कळांचा गैरसमज होतो. ती कूटलेखनात गुंडाळलेली एफटीपी नव्हे. एसएसएचच्या एकाच जोडणीतून चालणारा तो स्वतंत्र संकेत आहे. त्याचा अंतिम आरएफसी कधी निघालाच नाही, आणि ओपनएसएसएच त्याची तिसरी मसुदा-आवृत्तीच आजतागायत वापरते. जुन्या एफटीपीला प्रमाणपत्रांची जोड देणारी एफटीपीएस ही आणखी वेगळी. घरगुती वापरासाठी एसएफटीपी सोयीची ठरते, कारण तिला एकच पोर्ट पुरतो आणि डेबियनवर ओपनएसएसएच-सर्व्हर हे एक पॅकेज बसविले की ती हजर होते. विंडोज १० मध्ये २०१८ पासून ओपनएसएसएच अंतर्भूत आहे. आज्ञा टंकण्याची सवय नसलेल्यांसाठी विनएससीपी किंवा फाइलझिला ही खिडक्यांची साधने आहेत.

यजमानाची ओळख

प्रथम जोडणी करताना पडद्यावर एक प्रश्न येतो : या यजमानाची सत्यता सिद्ध करता आलेली नाही, तरीही पुढे जावे काय? खाली अक्षरांची एक निरर्थक वाटणारी माळ असते. वापरकर्ता न वाचता होकार देतो. वस्तुतः संपूर्ण व्यवस्थेतील हाच सर्वांत नाजूक क्षण होय. ती माळ म्हणजे सर्व्हरच्या सार्वजनिक किल्लीचा ठसा. मध्येच दुसऱ्या कोणी यंत्र उभे करून आपणच सर्व्हर असल्याचे भासविले, तर कूटलेखन पूर्णपणे निर्दोष चालेल. फक्त ते चोराशी चालेल. पहिल्या वेळी स्वीकारलेला ठसा जोडणारा संगणक लिहून ठेवतो आणि पुढे त्यात बदल आढळल्यास मोठा इशारा देतो. म्हणजे पुढच्या सर्व भेटींची भिस्त पहिल्या भेटीवर.

यावरील उपाय साधा आहे. सर्व्हरपाशी बसून एसएसएच-कीजेन या आज्ञेने ठसा काढावा, तो सहकाऱ्यास दूरध्वनीवर वाचून दाखवावा किंवा कागदावर लिहून द्यावा, आणि त्याने पडद्यावरील माळेशी तो ताडून मगच होकार द्यावा. दुसऱ्या बाजूने, सर्व्हरवर लिनक्स नव्याने बसविल्यास यजमान-किल्ली बदलते आणि सर्व सहकाऱ्यांना इशारा दिसू लागतो. इशाऱ्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय त्यांना लागू नये यासाठी जुन्या किल्ल्या जपून ठेवून नव्या मांडणीत परत बसविणे श्रेयस्कर.

वापरकर्त्याची किल्ली

सर्व्हरने वापरकर्त्यास ओळखण्यासाठी पासवर्डाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरावी. जोडीतील खाजगी किल्ली सहकाऱ्याच्या संगणकाबाहेर जात नाही. सार्वजनिक किल्ली ही एका ओळीची मजकूर-फाइल असते आणि ती ई-मेलने पाठविली तरी हानी नाही, मात्र ती त्याच सहकाऱ्याकडून आली आहे याची खातरजमा करावी. एड२५५१९ या प्रकारची किल्ली ओपनएसएसएचमध्ये २०१४ पासून उपलब्ध असून आवृत्ती ९.५ पासून तीच न सांगता तयार होते. खाजगी किल्लीस परवलीचे वाक्य अवश्य द्यावे. लॅपटॉप चोरीस गेल्यास तेवढाच आडोसा उरतो.

किल्ली चालू लागल्यावर पासवर्डाने प्रवेश बंद करावयाचा. येथे एक गोम आहे. एसएसएचडीच्या मांडणी-फाइलीत एखाद्या निर्देशाचे जे मूल्य प्रथम सापडते तेच ग्राह्य धरले जाते, नंतरचे नव्हे. डेबियनच्या मुख्य फाइलीत आरंभीच एका पूरक फोल्डरातील फाइली वाचण्याचा निर्देश असतो. त्या फोल्डरात एखाद्या फाइलीने पासवर्डास अनुमती दिली असेल, तर मुख्य फाइलीत खाली लिहिलेला नकार निष्फळ ठरतो आणि लिहिणारा मात्र निश्चिंत राहतो. म्हणून लिहिलेल्यावर न विसंबता प्रत्यक्ष लागू असलेली मूल्ये पाहावीत. एसएसएचडीला मोठा टी हा पर्याय देऊन ती छापून घेता येतात. लहान टी दिल्यास केवळ लेखनातील चुका तपासल्या जातात. सेवा पुन्हा सुरू करताना आधीची एक जोडणी उघडी ठेवावी. मांडणी चुकली तर नव्या जोडण्या नाकारल्या जातात, पण जुनी तुटत नाही, आणि तिच्यातून दुरुस्ती करता येते.

ओसरी आणि माजघर

येथपर्यंत केलेली मांडणी पुष्कळांना पूर्ण वाटते. पण या अवस्थेत सहकाऱ्यास मिळालेले खाते हे सर्व्हरवरील पूर्ण खाते असते. त्याला आज्ञा चालविता येतात, इतरांच्या वाचनीय फाइली पाहता येतात, आणि सर्व्हर ज्या घरात आहे त्या घराच्या जाळ्यातही डोकावता येते. सहकारी सज्जन असेलच. प्रश्न त्याच्या लॅपटॉपमध्ये शिरलेल्या विषाणूचा आहे. जुन्या वाड्यात व्यवहारासाठी आलेला माणूस ओसरीवर बसत असे, माजघरात जात नसे. त्यात त्याचा अपमान नव्हता, घराची रीत होती. सर्व्हरवर ती रीत लिहून ठेवावी लागते.

ओपनएसएसएचमध्ये यासाठी मॅच हा निर्देश आहे. फाइल-हस्तांतरणासाठीच्या खात्यांचा एक गट करावा आणि मांडणीच्या अखेरीस त्या गटापुरते नियम लिहावेत. अखेरीस अशासाठी की मॅचखालील नियमांचा अंमल पुढच्या मॅचपर्यंत किंवा फाइलीच्या शेवटापर्यंत चालतो. पहिला नियम क्रूट-डिरेक्टरीचा : खात्याला ठरावीक फोल्डर हेच संपूर्ण जग वाटावे. दुसरा फोर्स-कमांडचा : जोडणारा काहीही मागो, चालेल ती केवळ सर्व्हरमधील अंतर्गत एसएफटीपी. या अंतर्गत सेवेला बाहेरच्या कोणत्याही प्रोग्रामची गरज नसल्याने बंदिस्त फोल्डरात काही नकलून ठेवावे लागत नाही.

तिसरा नियम वारंवार विसरला जातो आणि घरगुती सर्व्हरच्या बाबतीत तोच सर्वांत महत्त्वाचा होय. एसएसएच केवळ फाइली नेत नाही. ती दुसऱ्या जोडण्यांसाठी बोगदाही पुरविते. खात्यास नोलॉगिन हा शेल दिला आणि एसएफटीपीची सक्ती केली, तरी बोगद्याची परवानगी पूर्वनिर्धारित चालूच असते. फाइली न मागता नुसता बोगदा मागणाऱ्यास सर्व्हरमार्गे घरातील राउटरचे नियंत्रण-पान, छपाईयंत्र वा कॅमेरा गाठता येतो. फोल्डराची कोंडी अभेद्य, आणि परसदार उघडे! म्हणून टीसीपी-फॉरवर्डिंग स्पष्ट शब्दांत नाकारावे, आणि त्याबरोबर एजंट, एक्स११ व स्थानिक सॉकेट यांचे फॉरवर्डिंगही.

आता क्रूट-डिरेक्टरीची मालकी. बंदिस्त फोल्डर आणि त्याच्या वरचे सर्व फोल्डर रूटच्या मालकीचे असावेत आणि इतर कोणास त्यांत लिहिण्याची परवानगी नसावी, असा ओपनएसएसएचचा आग्रह आहे. स्वतःच्या मुळाशी लिहिता येणारा वापरकर्ता तेथे बनावट व्यवस्था-फाइली उभ्या करून अधिकारसंपन्न प्रोग्रामांस फसवू शकतो, हे त्यामागील कारण. नियम मोडल्यास ओळख पटते, पण जोडणी लगेच तुटते. सहकाऱ्याच्या पडद्यावर त्याचे कारण दिसत नाही. ते सर्व्हरच्या नोंदवहीत, मालकी वा परवानगी अयोग्य असल्याच्या ओळीत सापडते. ही ओळ न पाहता सर्व परवानग्या खुल्या करून टाकण्याचा उपाय अनेकदा केला जातो. त्याने दोष वाढतो, कारण हरकत परवानगी अपुरी असण्याला नसून ती अधिक असण्याला असते. योग्य मांडणी अशी : बाहेरचा फोल्डर रूटचा आणि आत सहकाऱ्याच्या मालकीचा एक फोल्डर, ज्यात तो लिहू शकेल. सार्वजनिक किल्ल्या बंदिस्त फोल्डरात न ठेवता व्यवस्थेच्या फोल्डरात, प्रत्येक खात्याच्या नावाने ठेवाव्यात. मग एकदा प्रवेश मिळालेल्यास स्वतःच्या आणखी किल्ल्या गुपचूप जोडता येत नाहीत. त्या फाइली रूटच्या मालकीच्या असल्या तरी त्या-त्या खात्यास वाचता आल्या पाहिजेत.

ध्वनिमुद्रणे बहुधा बाहेरच्या डिस्कवर असतात. बंदिस्त फोल्डरातून त्या डिस्ककडे सांकेतिक दुवा देऊन भागत नाही, कारण कोंडीच्या आतून बाहेरचा मार्ग दिसतच नाही. डिस्कचा आवश्यक तेवढा भाग बाइंड-माउंटने आत जोडावा लागतो. चढविलेल्या फाइली सर्व्हरवरील इतरांना वाचता येऊ नयेत यासाठी अंतर्गत एसएफटीपीला ००२७ हा यूमास्क द्यावा. या बंदोबस्ताची किंमतही सांगितली पाहिजे. दुसऱ्या बाजूस स्वतःचा प्रोग्राम चालविणारे आरसिंकसारखे साधन अशा खात्यावर चालत नाही, आणि पोहोचलेली फाइल शाबूत आहे काय हे सहकाऱ्यास सर्व्हरवर तपासता येत नाही. त्याने पाठविण्यापूर्वी एसएचए२५६ ची बेरीज काढून ती छोट्या फाइलीत सोबत चढवावी आणि यजमानाने ताडून कळवावे. वीज गेल्याने अर्धवट राहिलेली फाइल पुढून सुरू करण्याची सोय एसएफटीपीत आहे. त्यानंतर तर ही तपासणी टाळूच नये.

घराबाहेरून वाट

सर्व्हर घराच्या जाळ्यात चालतो आणि बाहेरून मात्र सापडत नाही, असा अनुभव भारतातील घरगुती जोडणीवर सर्रास येतो. राउटरवर पोर्ट पुढे पाठविण्याचा नियम बरोबर असतो. परंतु सेवादात्याने अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला असतो. राउटरच्या बाह्य बाजूचा पत्ता १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या पल्ल्यात असल्यास हाच प्रकार समजावा. हा पल्ला २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. अशा वेळी राउटरशी झटापट व्यर्थ होय. सेवादात्याकडून स्थिर सार्वजनिक पत्ता शुल्क भरून घ्यावा, दोन्ही टोकांस आयपीव्ही६ असल्यास त्याचा उपयोग करावा, अथवा सार्वजनिक पत्ता असलेल्या मध्यस्थ यंत्रामार्गे वायरगार्डचे खाजगी जाळे उभारावे. तिसऱ्या मार्गात २२ हा पोर्ट उघड्या महाजालावर दिसतच नाही, हा अधिकचा लाभ.

पोर्टचा क्रमांक बदलल्याने सुरक्षितता वाढते असे मानणे योग्य नव्हे. नोंदवहीतील गर्दी कमी होते, इतकेच. वेगाबाबतही अपेक्षा माफक ठेवाव्यात : सहकाऱ्याचे उतरविणे म्हणजे घराच्या जोडणीचे चढविणे. चढविण्याचा वेग सेकंदास १० मेगाबिट असल्यास उपरोक्त तासाभराच्या ध्वनिमुद्रणास किमान साडेआठ मिनिटे लागतील.

देवनागरी फाइलनावे

इंग्रजी मार्गदर्शिकांत न आढळणारी एक अडचण मराठी अभ्यासकास भेडसावते. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ अक्षरांची नसून २५५ बाइटांची आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, हलन्त हीदेखील स्वतंत्र चिन्हे होत. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपते. गाव, निवेदक, गीतप्रकार आणि दिनांक एकाच नावात गुंफणाऱ्याची फाइल यामुळे नाकारली जाऊ शकते.

याहून फसवा प्रकार अर्ध्या र-काराचा. ‘वऱ्हाडी’ या शब्दातील तो र यूनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : ऱ या स्वतंत्र चिन्हास हलन्त जोडून, किंवा साधा र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक मिळून. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात. लिनक्सच्या लेखी बाइट निराळे म्हणून नाव निराळे. आणि एसएफटीपीची तिसरी आवृत्ती नावाच्या लिपिसंकेतात ढवळाढवळ करीत नाही. दोन सहकाऱ्यांनी दोन कळफलकांवरून चढविलेली एकाच नावाची दोन ध्वनिमुद्रणे मग शेजारी-शेजारी नांदतात, आणि एकाने दुरुस्त केलेली प्रत दुसऱ्याची जागा घेत नाही. फाइलनावासाठी केवळ रोमन अक्षरे, आकडे आणि क्रमांक वापरून मराठी तपशील सोबतच्या सूचीत नोंदविणे हाच तूर्त निर्वेध मार्ग दिसतो.

देखभाल

जुलै २०२४ मध्ये क्वालिस या संस्थेने ओपनएसएसएचमधील एक गंभीर दोष जाहीर केला. तो २००६ मध्ये दुरुस्त झालेलाच होता. २०२० मधील एका बदलाने परत आला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये एक्सझेड या संपीडन-साधनात कोणी हेतुपुरस्सर पेरलेले चोरदार, प्रवेशास अर्धा सेकंद अधिक का लागतो या शंकेतून आंद्रेस फ्रॉइंड यांना सापडले. घरगुती सर्व्हर चालविणाऱ्याने यावरून घाबरण्याचे कारण नाही, मात्र सुरक्षा-सुधारणा आपोआप बसतील अशी तजवीज करावी. डेबियनवर त्यासाठी अनअटेंडेड-अपग्रेड्स हे पॅकेज आहे. सहकाऱ्याकडून चुकून पुसली गेलेली फाइल कूटलेखनाने परत येत नाही, दुहेरी डिस्कनेही नाही. तेव्हा सर्व्हरला न जोडलेली, वेगळ्या जागी ठेवलेली एक प्रत हवीच.

प्रकल्प संपल्यावर खाती तशीच राहून जातात. किल्लीची ओळ पुसल्याने नवा प्रवेश थांबतो, परंतु त्या क्षणी चालू असलेली जोडणी तुटत नाही. यास्तव किल्ली काढावी, खाते कुलूपबंद करावे, त्या खात्याच्या नावे चालू असलेल्या प्रक्रिया शोधून थांबवाव्यात, आणि शेवटी नोंदवहीत त्या नावाचा अखेरचा प्रवेश कोणत्या दिवशी झाला ते पाहून मगच फोल्डर हलवावा.